जुनी जावा-येझदी घरच्या घरी उभी करताना

गावाकडच्या गोठ्यात, वाड्याच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली जावा किंवा येझदी अजूनही सापडते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. सत्तरच्या दशकात टाकीवर जावाच्या जागी येझदी हे नाव आलं आणि १९९६ साली उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सगळ्यात धाकटी गाडीसुद्धा आता तिशीला टेकली आहे. तरीही जुन्या गाडीचं काम पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हीच गाडी सुचवतो. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन, व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. अडीचशे सीसीचं हे इंजिन (६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक) घरातल्या टेबलावर उघडता येतं. सुटे भागही बाजारात आहेत.

कमी पैशांत गाडी उभी राहते की अर्धवट पडते, हे कामाच्या क्रमावर ठरतं. आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक आणि चाकं, आणि रंग सगळ्यात शेवटी. अर्धवट सोडलेल्या गाड्या नीट पाहिल्या तर बहुतेकांची सुरुवात रंगाने झालेली असते. टाकी चकाचक आणि इंजिन पोत्यात. पैसे संपले, हुरूपही संपला. तसं होऊ नये म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने वाचा.

गाडी निवडताना

स्वस्त पण अर्धी गाडी घेण्यापेक्षा थोडी महाग पण पूर्ण गाडी घ्या. क्लच वायर, रबरं, बल्ब, पॅकिंग, पिस्टन, ब्रेक शू या गोष्टी नव्या मिळतात. हेडलाइटचा मूळ डबा, चालू स्पीडोमीटर, डायनॅमो, इंजिनची दोन्ही बाजूंची झाकणं आणि मूळ सायलेन्सर एकेक करून गोळा करायला निघालात तर त्यातच वर्ष जातं, आणि बेरीज केल्यावर पूर्ण गाडीपेक्षा जास्त पैसे गेलेले असतात.

पाहायला जाताना बॅटरी टॉर्च आणि एक जुनं फडकं सोबत ठेवा. इंजिनच्या पोटाखालचा चिखल पुसून क्रँककेसला (इंजिनच्या खालच्या कवचाला) तडा किंवा वेल्डिंग आहे का ते बघा. चेन तुटून आत गुंडाळली गेली असेल तर तिथे हमखास खूण सापडते. टाकीचा खालचा जोड बोटाने चाचपा. मग किक. या गाडीत गिअर आणि किक एकाच लिव्हरवर आहेत, तो आत दाबून फिरवला की गिअरचा लिव्हर किकचा होतो. किक मारताना दात सटकत असतील तर आतला किकचा भाग झिजला आहे. तो मिळतो, पण त्यासाठी इंजिनची डावी बाजू उघडावी लागते, तेव्हा किमतीत तेवढं कमी करून मागा. बंद गाडी घेताना इंजिनचं पूर्ण काम निघणार असं धरूनच हिशोब करा.

२०१८ साली जावा हे नाव बाजारात परत आलं, २०२२ मध्ये येझदीही आली. त्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत, त्यांचं इंजिन पूर्ण वेगळं. त्यांच्या शोरूममध्ये जुन्या गाडीचे पार्ट शोधत फिरू नका.

कागद आधी

कागद नसलेली गाडी कितीही देखणी असली तरी ती फक्त पार्ट काढण्यासाठी घ्या, तीही पावतीवर. रस्त्यावर आणायची असेल तर आरसी बुक हवंच, आणि त्यावरचा चेसिस नंबर व इंजिन नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबरांशी जुळायला हवा. फ्रेमवरचा नंबर रंगाच्या थराखाली दबलेला असतो. थिनरचा बोळा फिरवून तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अंक नव्याने ठोकल्यासारखे वाटले, घासल्याच्या रेषा दिसल्या, तर तिथेच थांबा.

१९८९ च्या आधीच्या महाराष्ट्रातल्या गाड्यांचे नंबर एमएचच्या आजच्या पद्धतीचे नाहीत. अशा अनेक गाड्यांची नोंद आरटीओच्या कागदी रजिस्टरमध्ये आहे, संगणकावर नाही. ती संगणकात चढवून घेण्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. ज्या आरटीओत गाडी मुळात नोंदली गेली तिथेच हे काम होतं, म्हणून पैसे देण्याआधी त्या कार्यालयात एक चक्कर मारा. मालक हयात असेल तर हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारले असतील, आणि आजोबांच्या गाडीच्या बाबतीत बहुधा असंच असतं, तर वारसांचा फॉर्म ३१. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतून आणत असाल तर फॉर्म २८ वरची एनओसी. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरण रखडलेलं असेल तर दंड साठलेला असू शकतो. तो आकडा आधी काढून घ्या आणि गाडीच्या किमतीतच मोजा. विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट शेवटी येतात, पण येतातच.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकींसाठी २०२१ साली केंद्राने व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आणला. त्यात नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये ठरवलं आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठी रस्त्यावर येते. गाडीची साधी नोंदणी जिवंत असेल आणि रविवारी सिंहगडाला जाऊन यायचं असेल, तर साधी नोंदणीच नूतनीकरण करून ठेवणं परवडतं.

जागा आणि हत्यारं

छप्पर असलेली, रात्री कुलूप लावता येईल अशी जागा हवी. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सांगाडा पार्किंगमध्ये आणि इंजिन बाल्कनीतल्या लाकडी टेबलावर, अशी विभागणी जमते. रिंग आणि ओपन पान्यांचा संच, सॉकेट, सर्क्लिप प्लायर, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), व्हर्नियर, मल्टिमीटर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढं स्वतःचं असू द्या. इम्पॅक्ट ड्रायव्हरवर कंजुषी करू नका. इंजिनच्या झाकणांचे जुने स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने सुटत नाहीत आणि एकदा खाच गेली की ड्रिल मारत बसावं लागतं. क्लच आणि डायनॅमोचे पुलर या गाडीचे खास असतात. ते विकत न घेता जावा-येझदीवाल्या मंडळींकडून मागून आणा, पुण्यात ही मंडळी भरपूर आहेत. पुलरशिवाय हातोडीने काढायचा प्रयत्न केला तर क्रँकचं टोक खराब होतं.

सोडलेली प्रत्येक गोष्ट आधी मोबाइलवर फोटोत, मग पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. वायरी, केबलींचे मार्ग आणि वॉशरांचा क्रम यांचे फोटो जास्तच काढा. जुना पार्ट नवा बसेपर्यंत फेकू नका. बाजारातला नवा पार्ट मापाला बसत नाही असं सर्रास घडतं, आणि तेव्हा जुनाच घासूनपुसून लावावा लागतो.

उघडण्याआधी गाडीचं ऐकून घ्या

गाडी आणली की लगेच पाना लावू नका. प्लग काढा, प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) आत सोडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू हाताने फिरवा. पिस्टन हलला तर उत्तम. अडकलेला असेल तर डिझेल, नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोनचं अर्धं-अर्धं मिश्रण सोडून चार-पाच दिवस थांबा आणि पुन्हा चाक मागे-पुढे करून बघा. किकवर उभं राहून जोर लावू नका. अडकलेल्या पिस्टनसमोर आधी किकचे दात हार मानतात.

इंजिन फिरतंय म्हटल्यावर ठिणगी तपासा. यातल्या बहुतेक गाड्यांत इग्निशन बॅटरीवर चालतं, त्यामुळे चार्ज असलेली बॅटरी जोडल्याशिवाय ठिणगी येणार नाही, आणि अनेक चांगल्या गाड्या केवळ याच कारणाने बंद म्हणून विकल्या जातात. प्लग हेडला टेकवून किक मारा, निळी ठिणगी दिसायला हवी. ठिणगी आहे, आणि कार्बोरेटर साफ करून बाटलीतून पेट्रोल दिल्यावर गाडी दोन मिनिटं जरी चालली, तरी तुम्हाला खूप माहिती मिळते. कोणता आवाज येतो, धूर कसला आहे, गिअर सगळे पडतात का, हे सगळं एका वहीत लिहून ठेवा. पुढचा खर्च याच वहीवरून ठरवायचा आहे.

टाकी आणि कार्बोरेटर

टाकीतला गंज काढायला महागडं केमिकल लागत नाही. कॉक आणि झाकण काढा, भोकं बुचाने बंद करा, मूठभर नट आणि साखळीचा तुकडा आत टाकून टाकी हलवा. सुटलेला गंज धुऊन काढा. मग लिटरला पन्नास ते शंभर ग्रॅम लिंबाचं सत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे आम्ल मरतं, आणि लगेच गरम हवेने कोरडी करा. कोरडी झाल्याबरोबर आत टू-टी ऑइल फिरवा. ओली ठेवली तर तासाभरात पुन्हा लाल होते. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे पाठवताना ती पेट्रोलच्या वासासकट पाठवू नका. धुऊन, पाणी भरूनच वेल्डिंग करून घ्या. रिकाम्या टाकीतली वाफ पेटून माणसं दगावली आहेत.

जावाला जिकॉव्हचा कार्बोरेटर, नंतरच्या येझदींना मिककार्ब. पूर्ण सोडवा आणि जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) कधीही तारेने टोकरू नका, भोक मोठं झालं तर मिश्रणाचं गणित बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. पितळी फ्लोटला (कार्बोरेटरमधल्या तरंगत्या डबीला) भोक आहे का हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे तो गरम पाण्यात बुडवायचा, बुडबुडे आले की भोक सापडलं.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनी रबरी नळी आणि कॉकची पॅकिंगं त्याने फुगतात, चिरतात. नळी इथेनॉल सोसणारी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. या पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं. प्लगचं टोक पांढरट दिसू लागलं तर मेन जेट एक नंबर मोठा लावा.

इंजिन

पैसे खरे इथे खर्च करायचे. आधी वरचा भाग उघडा: हेड, बोअर (म्हणजे सिलिंडर), पिस्टन. हेडचे नट एकदम एकच सोडू नका, समोरासमोरचे थोडे-थोडे सैल करत जा. बोअर वर उचलला की क्रँककेसचं तोंड स्वच्छ कापडाने बंद करा.

आता एक तपासणी, जिच्यावर सगळं बजेट अवलंबून आहे. क्रँक फिरवून कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणा. दोन्ही हातांनी रॉड धरा आणि सरळ वर ओढा, सरळ खाली दाबा. डावीकडे-उजवीकडे रॉड थोडा हलतो, ते ठीक आहे. वर-खाली मात्र अजिबात हलता कामा नये. बोटांना अगदी बारीक ‘टक्’ जाणवली तरी बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या खालच्या टोकाचं, बेअरिंग गेलं असं समजा. त्यानंतर क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवा. तिथे खेळ असेल तर मेन बेअरिंगं गेली. दोन्हीकडे काही नसेल आणि सीलं ठीक असतील तर खालचा भाग उघडू नका, बोअर-पिस्टनवर काम भागेल. खेळ असेल तर वरचं काम करून खालचं पुढे ढकलू नका, कारण त्याच पॅकिंगा आणि तीच मजुरी दोनदा भरावी लागते.

सीलांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवखे मेकॅनिकसुद्धा इथे चुकतात. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हा पंप आहे. पिस्टन वर जाताना तो पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढतो आणि खाली येताना बोअरमध्ये ढकलतो. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली ऑइल सीलं ही पोकळी बंद ठेवतात. क्लचच्या बाजूचं सील गळलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर सोडत राहते आणि गिअर ऑइलची पातळी आपोआप कमी होते. डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप वाढते, इंजिन तापतं आणि शेवटी पिस्टन चिकटतो. नवा पिस्टन टाकूनही महिन्याभरात पुन्हा चिकटलेल्या गाड्या येतात, त्यातल्या अनेकींत दोष या छोट्याशा सीलाचा निघतो. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत सीलांचं रबर कडक झालेलंच असतं.

बेअरिंग आणि सीलं घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बेअरिंगच्या कड्यावर नंबर कोरलेला असतो आणि सीलावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी लिहिलेली असते. तो नंबर घेऊन नेहमीच्या बेअरिंगच्या दुकानात जा. नामांकित कंपनीचं बेअरिंग तिथे ‘जावाचं बेअरिंग’ म्हणून मागितल्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं मिळतं.

बोअर घासलेला असेल, त्यात उभ्या रेघा असतील तर रीबोअर करायचा, म्हणजे आतून कापून थोडा मोठा करायचा. बोअर ओतीव लोखंडाचा आहे, त्यामुळे ओव्हरसाइजचे टप्पे घेत तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो. पिस्टन आधी विकत घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात द्या, म्हणजे तो बोअर त्याच पिस्टनच्या मापाने काढेल. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात अशी कामं करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत. काम द्यायच्या आधी विचारा: पोर्टच्या कडा मारणार का? टू-स्ट्रोक बोअरच्या भिंतीत खिडक्या असतात. रीबोअरनंतर त्यांच्या कडा धारदार होतात, आणि त्या बारीक घासून गोल केल्या नाहीत तर रिंग तिथे अडकून तुटते. फक्त फोर-स्ट्रोकची कामं करणारा लेथवाला हे विसरू शकतो. तुम्ही विसरू नका.

बोअर घरी आला की साबण आणि गरम पाण्याने घासून धुवा, पांढऱ्या कापडावर काळा डाग उमटणं थांबेपर्यंत. मग लगेच ऑइल लावा. नवी रिंग एकटीच बोअरमध्ये टाकून पिस्टनच्या डोक्याने सरळ आत ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ०.२ ते ०.३५ मिलिमीटर असेल तर ठीक. रिंगांची टोकं पिस्टनच्या खाचेतल्या पिनेवरच बसली पाहिजेत, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, आणि गजन पिनेचे (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचे) सर्क्लिप नेहमी नवे. एक जुना सर्क्लिप निसटला की बोअर आणि पिस्टन दोन्ही जातात.

क्रँक सोडवून नवा रॉड किट बसवणं घरी होत नाही. ते प्रेसवर आणि डायल गेजवरचं काम आहे. मात्र क्रँककेस उघडणं, साफ करणं आणि बेअरिंगं बसवणं घरी होतं. बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, क्रँककेसचा अर्धा भाग शंभर अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र झाला की पुरे. थंड बेअरिंग त्यात हाताच्या दाबाने जाऊन बसतं. ठोकून बसवायची वेळ आली तर समजा की केस पुरेशी तापलेली नाही.

गिअरबॉक्समधले दात तुटलेले नसतील तर शक्यतो तिथे हात घालू नका. क्लच प्लेटा, प्रायमरी चेन आणि किकची स्प्रिंग मात्र आत्ताच बदला, झाकण उघडंच आहे. शेवटी सायलेन्सर. जाळी बाहेर काढून आतला काजळीचा थर खरवडा. गाडीला दम नाही अशी तक्रार असते आणि कारण सायलेन्सरमध्ये निघतं.

वायरिंग

जुन्या जावा आणि बऱ्याच येझदी सहा व्होल्टच्या आहेत, नंतरच्या काही बारा व्होल्टच्या. तुमची कोणती ते बल्बवर वाचा. जुनं वायरिंग कापून जोडत बसू नका, तयार हार्नेस (सगळ्या वायरींचा जोडलेला संच) मिळतो. बॅटरीचं कोणतं टोक फ्रेमला जोडलं होतं याचा फोटो असू द्या, उलटं जोडलं तर डायनॅमो चार्जिंग देणार नाही. डायनॅमोचे कार्बन ब्रश बदला, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. पॉइंटची (ठिणगीचा क्षण ठरवणाऱ्या स्विचची) फट ०.४ मिलिमीटर, प्लगची साधारण ०.६. टायमिंग मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावा. प्लगच्या भोकातून पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे ते मोजायचं आणि त्या क्षणी पॉइंट उघडायला हवेत. नेमका क्षण पकडायला पॉइंटवर छोटा टेस्ट बल्ब जोडा, अंदाजावर सोडू नका.

ब्रेक, चाकं, टायर

इथे जुगाड नको. टायर कितीही चांगले दिसत असले तरी बाजूच्या चार आकडी कोडवरून वय पाहा. ३४२३ म्हणजे २०२३ सालचा चौतिसावा आठवडा. असा कोडच नसेल तर तो टायर बहुधा तुमच्या गाडीइतकाच जुना आहे. ट्यूब आणि रिमटेपही नवी. आरे गंजलेले असतील तर बदला, रिम खणखणीत असेल तर ठेवा. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड पिशवीत बांधून टाका. पुढच्या चिमट्याचं ऑइल आणि सीलं, कोनसेटचे (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगचे) छर्रे, दोन्ही हबची बेअरिंगं हे एकत्रच उरकून घ्या. हँडल सरळ मध्यावर येताना कुठेतरी ‘खाच’ लागल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेला.

रंग आणि क्रोम

रंगाआधी सगळी गाडी एकदा बिनरंगाची जोडून बघा. सायलेन्सरचा पाय, मडगार्डचा काठ, साइड डब्याची कडी, कुठेतरी काहीतरी अडतंच, आणि ते घासायला ठोकायला हीच वेळ असते. मग पुन्हा उघडून फ्रेम पावडर कोटिंगला द्या. देण्याआधी कोनसेट आणि बेअरिंगच्या जागा टेपने झाका, आणि चेसिस नंबरावर जाड थर येणार नाही हे कोटिंगवाल्याला बजावून सांगा. नंबर बुजला तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडकते. इंजिनच्या भागांना सँडब्लास्टिंग कधीच नको, वाळूचा कण बेअरिंगपर्यंत जातो. कोटिंग झाल्यावर वायरिंगच्या अर्थिंगच्या जागा घासून उघड्या करा. पावडरचा थर वीज जाऊ देत नाही, आणि ‘नवीन वायरिंग टाकूनही लाइट मिणमिणते’ या तक्रारीचं हेच कारण असतं.

टाकीचा रंग चांगल्या पेंटरकडून करून घ्या. दोन भाग मिसळून मारायचा रंग त्याच्या वाफेमुळे घरात मारण्यासारखा नाही. क्रोम हा बजेट फोडणारा खर्च आहे. म्हणून आधी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून क्रोमवर घासून बघा. वरवरचा गंज सहज निघतो आणि हँडल, रिम, हेडलाइटची रिंग नव्याने क्रोम करायची गरजच पडत नाही. मूळ रंग बऱ्यापैकी टिकलेला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: ठेवा. कारखान्यातून आलेला मरून रंग आणि सोनेरी रेघ एकदा घासून काढली की परत येत नाही. असे अस्सल तुकडे आता कमी उरले आहेत. हरवलेल्या छोट्या गोष्टींसाठी पुण्यात मंगळवार पेठेतला रविवार-बुधवारचा जुना बाजार चाळा, मुंबईकरांनी चोर बाजार.

पहिली किक आणि पुढचे पाचशे किलोमीटर

गिअरबॉक्समध्ये ऑइल भरलं का, हे किक मारण्याआधी पुन्हा तपासा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल डब्यात आधी मिसळा आणि मग टाकीत ओता, थेट टाकीत टाकलेलं ऑइल तळाशी बसतं. रनिंग-इनमध्ये लिटरला ४० मिलिलिटर, नंतर चांगलं टू-टी असेल तर २५ पुरतं. पहिल्यांदा सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, आणि हेडचे नट तिरप्या क्रमाने पुन्हा आवळा. हे दोनदा करा. क्लचची वायर आणि गिअर लिव्हरबरोबर आपोआप सुटणारा क्लच, या दोन्हींचं ॲडजस्टमेंट गाडी गार असतानाच लावा.

पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका आणि एकाच वेगावर लांब पल्ला धरू नका. घाट उतरताना विशेष जपा. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. वरंधा किंवा आंबेनळीच्या उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी उतरवली की इंजिन वेगात फिरतं आणि ऑइल मात्र मिळत नाही. मधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या. पाचशे झाले की गिअर ऑइल ओतून टाका, पांढऱ्या ताटलीत ओतलंत तर त्यातली चमक नीट दिसते. बारीक राखाडी चमक पहिल्या खेपेला येते. चिमटीत धरता येईल असा तुकडा सापडला तर गाडी तिथेच उभी करा आणि क्लचच्या बाजूचं झाकण उघडा.